मास्तर आणि पांढरा कांदा

मास्तरांनी आयुष्यात कधी काही भसकन ओतलं नाही. भातावर तूप घ्यायचे तेसुद्धा चमच्याच्या टोकावरून, एकेक थेंब बघत. दिव्यात तेल घालायला सांगावं तर वात विझायची वेळ यायची. मी नवी सासरी आले तेव्हा मला वाटलं, माणूस चिक्कू आहे. मग कळलं, चिक्कू नव्हे, हाताला वळणच तसं पडलंय. गावानं त्यांना थेंबमास्तर असं नाव ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं. म्हणायचे, "खरं हाय की. सगळं शास्त्र शेवटच्या थेंबात असतंय. त्याच्या आधीचं नुसतं ओतणं."

हे माझे मालक. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती, म्हणून गाव म्हणायचं तेच मी म्हणू लागले. आता म्हातारपणी दुसरं काही तोंडात येत नाही. मी चौथी शिकलेली. ते निपाणीच्या एका हायस्कुलात रसायन शिकवायचे. शाळेच्या मागं पत्र्याची एक खोली होती. वास येतो म्हणून हेडमास्तरांनी ती चार हात लांब ठेवली होती. त्या खोलीत मास्तर जेवढे खुशीत असत तेवढे घरात कधी नसत. मला त्याचं वाईट वाटलं नाही. बाकीच्यांचे नवरे कुठं कुठं खुशीत असत ते मला दिसत होतंच.

मला रसायन येत नाही. पण मी भाकरी थापत असताना ते चुलीपुढं बसून बोलत, तेवढं कानात राहिलं. प्रत्येक मीठ दोघांचं असतं, म्हणायचे, नवराबायकोसारखं. पाण्यात पडलं की दोघं सुटे होतात. मग एकाला एका औषधानं विचारायचं, दुसऱ्याला दुसऱ्या. "मीठ खोटं बोलत न्हाई गं. विचारायची रीत पायजे." मी एकदा त्यांची परीक्षा घेतली. मीठ, पापडखार आणि तुरटी अशा तीन पुड्या बांधून दिल्या. संध्याकाळी परत आले, टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "पयली मिठाची, दुसरी खाराची, तिसरी तुरटीची. आणि मिठात चिमूटभर साखर घातलीस ती कशापायी?"

"बघावं म्हटलं," मी म्हणाले.

"तापवल्यावर काळं पडलं. साखर लपत न्हाई."

हसले नाहीत, पण दोन दिवस खुशीत होते.

त्यांच्या बोटांवर कायम काळे डाग असायचे. पाण्यात मीठ आहे का ते बघायला चांदीचं एक औषध असतं. ते घातलं की पाणी दुधासारखं होतं, आणि कातडीला लागलं की काळा डाग पडतो. सासूबाईंना त्या डागांचा राग होता. त्यांना आम्ही आव्वा म्हणायचो. आव्वा बस्तीत, म्हणजे आमच्या जैन देवळात, दर्शन घेतल्याशिवाय तोंडात पाणी घालायची नाही. पाणीसुद्धा दुहेरी धडप्यातून गाळलेलं. गाळून झालं की तो कपडा उलटा करून धुवायचा आणि ते पाणी ज्या विहिरीचं त्याच विहिरीत सोडायचं, म्हणजे कपड्यावर अडकलेले बारीक जीव आपल्या घरी जातात. आव्वाचं हे आयुष्यात एक दिवस चुकलं नाही. मास्तर तिला चिडवायचे, "आव्वा, तुझं माझं काम एकच. तू बी गाळतीस, मी बी गाळतो. तू वर राहिलेलं जपतीस, मी बी वर राहिलेलंच बघतो."

"माझ्या गाळण्यानं पुण्य लागतंय," आव्वा म्हणायची. "तुझ्या गाळण्यानं बोटं काळी."

कांदा, लसूण, बटाटा, जमिनीखालचं काहीच आमच्या घरात येत नसे. शाळेत बहुतेक पोरं मराठ्यांची आणि लिंगायतांची. मराठ्यांची पोरं दुपारी कांदाभाकरी खायची आणि मास्तर जैन म्हणून खोलीत यायच्या आधी धुण्याचा सोडा हाताला चोळून यायची. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. तेव्हा पोरं अशी होती.

डोळ्यांचं मला कसं कळलं ते सांगते. एका सकाळी ते शाळेला निघाले होते. माझ्याकडं बघून म्हणाले, "आज कुंकू लावलं न्हाईस?"

"लावलंय की."

ते जवळ आले. अगदी जवळ, सकाळच्या वेळी, आव्वा घरात असताना. बघितलं आणि म्हणाले, "व्हय. लावलंयस." टोपी घातली आणि गेले. मी तिथंच उभी राहिले. कपाळावर हात लावून बघितला, बोटाला लाल लागलं.

मिरजेला डॉक्टरला दाखवलं. त्यांनी सांगितलं, डोळ्यामागची शीर सुकत चालली आहे, आधी रंग जातील, लाल सगळ्यात आधी, मग बाकीचं. औषध नाही. डॉक्टरांनी विचारलं, तंबाखू खाता का. मास्तर म्हणाले, "निपाणीत राहतो, साहेब. श्वास घेतो." येताना गाडीत मी म्हणाले, शाळेत सांगून टाका. ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "रसायनाला मी एकटाच हाय. मी गेलो की खोलीला कुलूप. ही मॅट्रिकची पोरं बाहेर पडू देत." पुढच्या वर्षी पुढची पोरं मॅट्रिकला आली, तेव्हाही तेच म्हणाले.

मिठाची परीक्षा त्यांनी निभावली. पोरालाच विचारायचे, "काय दिसतंय? मी सांगणार न्हाई. तूच सांग." तळाला बसलेला कुठला साका पिवळा, कुठला निळा, ज्योत जांभळी की हिरवी, सगळं पोरांच्या तोंडून वदवून घ्यायचे. एका शब्दावर भागत नसे. "पिवळा म्हंजे कसला? हळदीचा का लिंबाचा?" पोरं इतकी बारीक बघू लागली की हेडमास्तरांनी दुसऱ्या मास्तरांना सांगितलं, शिकवावं तर असं. घरी येऊन त्यांनी मला हे सांगितलं आणि ताटावरून उठून गेले.

अडायचं ते एका ठिकाणी. खाराच्या पाण्यात ॲसिड किती लागतं ते मोजायचं असतं. खाली काचेच्या भांड्यात खाराचं पाणी. त्यात एक औषध घातलं की ते गुलाबी होतं. वर उभी नळी, तिच्यावर खुणा, खाली चावी. तिला ब्युरेट म्हणत. चावी सैल करून एकेक थेंब ॲसिड सोडायचं, आणि ज्या थेंबाला गुलाबी रंग जातो तिथं थांबायचं. थेंब जास्त झाला की आकडा चुकला. लढाईचे दिवस, ॲसिडची बाटली मिळायची मारामार, म्हणून वर्गात हे मास्तर स्वतः एकदा करून दाखवायचे आणि मग पोरं करायची. आणि तो गुलाबी त्यांना दिसत नव्हता.

तोड त्यांनी स्वतःच काढली. सोडा चोळलेल्या हातांना कांद्याचा वास येत नाही हे त्यांच्या नाकाला रोजचं झालं होतं. एकदा तसल्याच एका हातावर ॲसिड सांडलं आणि वास परत आला. त्या दिवशी घरी आले ते सरळ गोठ्यात, मला हाक मारून. म्हणाले, "कांदा आण. पांढरा. लाल नगं, त्याचा रंग उतरतोय."

"आव्वानं बघितलं तर?"

"म्हणून गोठ्यात म्हणतोय."

मी जन्मात कांद्याला हात लावला नव्हता. बाजारातून पदराआड घालून आणला. विळीवर चिरला तर डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. मला वाटलं, पाप लागलं. मास्तर म्हणाले, "सगळ्यांस्नी येतंय." कुटून, पिळून, गाळून रस एका औषधाच्या बाटलीत भरला. खाराच्या पाण्यात तो घातला की वास नाहीसा व्हायचा. ॲसिड बरोबर पुरं पडलं की वास वर यायचा. रविवारी दुपारी आव्वा बस्तीत गेली की आम्ही गोठ्यात हा खेळ करायचो. मी गुलाबीकडं बघत असायची, ते भांड्यावर वाकून हुंगत असायचे. मी "गेला" म्हणायची, ते "आला" म्हणायचे. सुरुवातीला मागंपुढं व्हायचं. नंतर दोघांच्या तोंडून एकदमच यायला लागलं. आम्हाला मूलबाळ नव्हतं. नवराबायकोनं मिळून केलेलं असं एवढंच एक काम मला आठवतं.

वर्गात दोन वर्षं कुणाला काही कळलं नाही. त्या बाटलीत दुसरं एक औषध आहे अशी पोरांची समजूत होती. मास्तरांच्या हातांना कांद्याचा वास राहायचा. एकदोघं मागून काही बोललेही असतील, पण मास्तर कांदा खात असतील यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

भाद्रपदात आमचे पर्वाचे, म्हणजे व्रताउपासाचे, दहा दिवस असतात. आव्वा एकवेळ जेवायची, अंगात ताकद नसायची, तरी घर कोपरा न् कोपरा झाडायची. त्याच दिवसांत बेळगावहून शाळा तपासायला साहेब येणार होता. रसायनाचा वर्ग चालू ठेवायचा का नाही ते तो ठरवणार होता. त्या सकाळी मी पहाटेच रस काढून बाटली गोठ्यातल्या देवळीत ठेवली आणि विहिरीवर गेले. मास्तर निघाले तेव्हा आव्वानंच बाटली त्यांच्या हातात दिली. तसं त्यात नवल काही नव्हतं. शाळेला जाताना ते बाटली नेतात हे तिला ठाऊक होतं. डोळ्याचं औषध असावं असं तिला वाटायचं.

पुढचं बाळगोंडानं सांगितलं. तो पहिल्या बाकावर होता. आता बेळगावात त्याचं औषधाचं दुकान आहे. आधीच्या तासाला पोरांनी मिठाची परीक्षा केली होती, आणि नासक्या अंड्यासारखा वास मारणारा जो वायू असतो तो खोलीत कोंडला होता. त्या वासानं नाक बधिर होतं. मास्तरांनी बाटली उघडली, खाराच्या पाण्यात रस घातला. साहेब म्हणाला, "आधी तुम्ही करून दाखवा."

मास्तरांनी चावी सैल केली. थेंब पडत होते. ते वाकून उभे होते. रंग गेला. पोरांनी बघितला, साहेबानं बघितला. मास्तर थांबले नाहीत. थेंब, थेंब, थेंब. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. बाळगोंडा खोकला. साहेबानं घड्याळ बघितलं, मग मास्तरांच्या तोंडाकडं बघितलं. भांड्यात नुसतं पाण्यासारखं पाणी होतं आणि मास्तर त्यात थेंब सोडत होते. ब्युरेट रिकामी झाली तेव्हा चावीतून हवेचा आवाज आला. तेव्हा ते सरळ झाले.

"बाळगोंडा, रंग कवा गेला?"

"सर, निम्म्याच्या वर होतं तवाच."

"मग बोलला का न्हाईस?"

"सर, तुम्ही बघत होता की."

मास्तरांनी रुमालानं हात पुसले. साहेबाकडं वळून म्हणाले, "मला रंग दिसत नाही, साहेब. दोन वर्षं झाली. हा आकडा धरू नका. माझं बघू नका, मुलांचं बघा. त्यांना दिसतं." मग ते खोलीबाहेर जाऊन उभे राहिले. पोरांनी आपापलं काम केलं. सगळ्यांचे आकडे जुळले. वर्ग चालू राहिला. पुढच्या महिन्यात कोल्हापूरहून दुसरा मास्तर आला.

ते घरी आले तेव्हा मी ओट्यावर गहू निवडत होते. तोंड बघूनच मला कळलं. आव्वा आतून म्हणाली, "झाली का रं परीक्षा, आण्णा? पोरं पास?"

"झाली, आव्वा. पोरं पास."

"व्हणारच. बाटली भरून दिलती मी. पर्वाच्या दिवसांत गोठ्यातल्या गड्यानं कसली घाण भरून ठेवलीती तिच्यात, नाक धरावं लागलं. राखंनं घासली, सोड्यानं धुतली. मग म्हटलं, असल्या दिवशी रिकामं भांडं घिऊन लेकानं घराबाहेर पडू नये. गाळल्यालं पाणी घातलं."

सूप माझ्या हातातून खाली आलं. मी बोलायला तोंड उघडलं होतं. मास्तर म्हणाले, "पद्मा, पाणी दे." आव्वासमोर त्यांनी माझं नाव घेतलं ते त्या एकदाच. मी पाणी दिलं. त्यांनी ते सगळं पिऊन तांब्या खाली ठेवला.

मागून गोठ्यात मी त्यांना बोलले. चांगलं खडसावून बोलले. मी म्हणाले, "आव्वाला सांगायला पायजे. सोवळं-सोवळं करून लेकाची भाकरी घालवली."

"तिनं काय केलं? लेकाला रिकाम्या हातानं धाडलं न्हाई. एवढंच केलं." मग म्हणाले, "तिला कळलं तर ती जेवण सोडंल. तू तिला ओळखतीस."

ओळखत होते. तिनं खरंच सोडलं असतं, आणि आमच्यात तसं अन्न सोडून मरण पत्करणाऱ्याला कुणी अडवत नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी ते शाळेच्या वेळेला उठले, कोट घातला, टोपी घातली, डबा घेतला आणि निघाले. मी मागून पाणी आणायच्या निमित्तानं गेले आणि वळणावर त्यांचा हात धरला. त्यांच्या चुलतभावाची तंबाखूची वखार होती, तिथं नेऊन बसवलं. शाळा सुटायच्या वेळेला परत आणलं. मग रोजचं तेच झालं. सुट्टीच्या दिवशी घरी, शाळा असेल त्या दिवशी वखारीत. मी बस्तीतल्या बायकांना एकेकीला गाठून सांगितलं, आमच्या आव्वाच्या कानावर हे घातलं तर माझ्याशी गाठ आहे. कुणी घातलं नाही. निपाणीत एवढी मोठी गोष्ट लपून राहिली, याचं मला अजून नवल वाटतं.

वखारीत बायका पाला चाळत असत आणि त्याची बारीक भुकटी, तो खकाणा, सगळीकडं उडत असे. शिंका, खोकला, डोळ्यांना धार. मास्तर त्यात पोत्यावर बसलेले असायचे. पुढं बाकीचं दिसणंही गेलं, पण घरात ते सवयीनं वावरायचे म्हणून आव्वाला कळलं नाही; आणि त्या खकाण्यात नाकही गेलं. एकदा मी आमटी करपवली आणि त्यांनी ती मुकाट्यानं खाल्ली. पूर्वी दारात पाय ठेवताच म्हणायचे, आज काय लागलं गं.

बाळगोंडा आणि एकदोन पोरं सुरुवातीला वखारीत यायची. पुस्तक वाचून दाखवायची, शंका विचारायची. मॅट्रिक झाली आणि गेली. मी त्यांना दोष देत नाही. पोरांनी जायलाच हवं. मास्तर वखारीतल्या बायकांशी बोलायचे. त्यांतल्या एकीनं मला सांगितलं, "तुमचं मास्तर आमच्यासंगं बोलताना सारखं इचारत्यात, आत्ता आभाळाचा रंग कसा हाय." तिला ती गंमत वाटत होती.

संध्याकाळी आव्वा ओट्यावर वाट बघत असायची. सूर्य मावळायच्या आत जेवणं व्हायला हवीत, म्हणून घाई करायची. विचारायची, "आज काय शिकवलंस रं?" आणि मास्तर सांगायचे. अगदी खरं वाटेल असं सांगायचे. कुठल्या पोराचा आकडा चुकला, कुणी भांडं फोडलं, कुणाच्या सदऱ्याला ॲसिडनं भोक पडलं. रोज नवीन. मी भाकरी वाढता वाढता ऐकायची. कधीकधी मलाही वाटायचं, आज खरंच शाळेत जाऊन आले काय. आव्वा म्हणायची, "पोरांवर लई वरडू नगंस." ते म्हणायचे, "न्हाई वरडत."

स्वराज्य मिळालं त्या पावसाळ्यात आव्वा अंथरुणाला खिळली. गावात मिरवणूक निघाली तेव्हा तिला ताप होता. मास्तर तिच्या उशाशी बसले होते. तिनं विचारलं, "आज शाळा न्हाई?"

"सुट्टी हाय, आव्वा. सगळ्या देशाला सुट्टी."

"बरं झालं. बस मग जरा."

दोन दिवसांनी ती गेली. शेवटी शेवटी तिला काही कळत होतं का, मला सांगता येणार नाही.

सुतक संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा बांधला, सवयीनं. मास्तर उठले, तोंड धुतलं आणि खुंटीकडं हात नेला. कोट हाताला लागला. तो चाचपत ते उभे राहिले आणि म्हणाले, "आता कुणाला सांगायचं, काय शिकवलं म्हणून?"

"मला सांगा," मी म्हणाले.

"तुला सगळं ठाऊक हाय."

ते जाऊन भिंतीला टेकून बसले. मी डबा सोडून ठेवला. त्यानंतर ते घराबाहेर पडलेच नाहीत. बस्तीतसुद्धा गेले नाहीत. थंडी सरायच्या आत गेले. दुखणं म्हणावं असं काही नव्हतं.

समाचाराला आलेल्या बायका म्हणाल्या, आईच्या डोळ्यांदेखत लेक गेला नाही हे तरी पुण्य. मी ऐकून घेतलं. आव्वाचा मला राग होता. आजही नाही असं नाही. तरी मला विचाराल तर ती म्हातारी आणखी पाच-सहा वर्षं जगायला हवी होती. ती होती तोवर माणूस रोज सकाळी उठून कोट घालत होता.